नगरपालिकेची जागा कोणाची?

बाजारातली मोकळी जागा विकायची, तर सभेत साध्या बहुमताने हात वर झाले की काम संपले, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमातील कलम 92 प्रमाणे एकूण सदस्यांपैकी निदान दोन-तृतीयांशांचा ठराव लागतो, शिवाय राज्य शासनाची मंजुरी. कारण उघड आहे. 1866 साली पालकवाडी खेड्याच्या जागी वर्धा शहर आखले गेले, तेव्हा आपण नव्हतो. आपल्यामागून येणारे अजून जन्मलेले नाहीत. जागा त्या सर्वांची; नगरसेवक केवळ विश्वस्त. विक्रीचा पैसा एकदाच येतो, भाडे दरसाल. परिषदेच्या सभा सामान्यतः नागरिकांना खुल्या असतात. ठरावापूर्वी तेथे जाऊन बसावे. मागाहून हळहळण्यात अर्थ नाही.