मराठेकालीन कागदपत्रांतील कालनिर्देश आणि दिनांकानुसार शोध

प्रस्तावना

जुन्या दप्तरातील एखाद्या घटनेसंबंधीचे कागद शोधताना अभ्यासक प्रथम त्या घटनेचा दिनांक पाहतो. पुणे येथील पेशवे दप्तरात मात्र इसवी सनाच्या तारखेने सुरू झालेला शोध अनेकदा निष्फळ ठरतो. कागद दप्तरात असतो. परंतु त्यावरील काल वेगळ्या गणनेत नोंदविलेला असतो. आता संगणकीय सूची तयार होत असताना या प्रश्नाला अधिक महत्त्व आले आहे. प्रस्तुत लेखात या कालगणनांचे स्वरूप व रूपांतरातील प्रमुख अडचणी स्पष्ट केल्या आहेत.

कालगणनांचे स्वरूप

मराठी कागदपत्रांत शालिवाहन शक, राज्याभिषेक शक, सुहूर सन, फसली सन व हिजरी सन या गणना आढळतात. शालिवाहन शकात ७८ मिळविल्यास इसवी सन येतो. मात्र जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. राज्याभिषेक शकाचा आरंभ शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपासून होतो.

सुहूर सन हा या सर्वांत विशेष लक्ष देण्याजोगा आहे. सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा, म्हणजे शेतीच्या हंगामाच्या तोंडावर, हे वर्ष सुरू होते. हिजरी सन ७४५ मध्ये, म्हणजे इ. स. १३४४ मध्ये, हा सन व हिजरी सन यांचे आकडे एकच होते. पुढे सुहूर सन सौर मानाने चालला, तर हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे पुढे सरकत गेले. पानिपतच्या तिसऱ्या युद्धाच्या वेळी सुहूर सन ११६१, तर हिजरी सन ११७४ होता. सुमारे ४१६ वर्षांत १३ वर्षांचे अंतर पडले होते.

हा सन बहुधा अंकांत न लिहिता अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिला जाई. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, अर्थात ११६१. मोडी वाचनात ‘सित’ (सहा) व ‘सितैन’ (साठ), किंवा ‘सबा’ (सात) व ‘सबैन’ (सत्तर) यांत गल्लत झाल्यास कागद अनेक दशके मागे-पुढे जातो.

रूपांतरातील अडचणी

सुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. पानिपतचे युद्ध पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी झाले. त्या महिन्यातील सुहूर सन ११६१ च्या पत्रास सरसकट ५९९ मिळविले, तर ते जानेवारी १७६० मध्ये जाऊन बसेल. युद्धानंतरची वार्ता सांगणारे पत्र युद्धापूर्वी एक वर्ष लिहिले गेले असे दिसेल आणि कार्यकारणाची साखळीच उलटी होईल.

याहून सूक्ष्म अडचण मिश्र तारखांची आहे. अनेक पत्रांत ‘छ.’ या खुणेपुढे चांद्र मुसलमानी महिन्याची तारीख असते आणि वर्ष मात्र सौर सुहूर सनाचे असते. सौर वर्ष मोठे असल्याने सुमारे ११ तारखा एकाच सुहूर वर्षात दोनदा येतात. सुहूर ११६१ मध्ये शव्वाल महिन्याच्या अखेरच्या तारखा वर्षारंभी व वर्षाअखेरीस अशा दोन्ही वेळी येतात. अशा वेळी पत्रातील वार, तिथी किंवा मजकुरातील उल्लेख हाच निर्णायक आधार ठरतो.

इंग्रजी साधनेही यास अपवाद नाहीत. इंग्रजांनी सुधारित पंचांग १७५२ मध्ये स्वीकारले. पोर्तुगिजांनी ते सोळाव्या शतकातच स्वीकारले होते. त्यामुळे शिवराज्याभिषेकाचा प्रचलित दिनांक ६ जून १६७४ हा जुन्या पद्धतीचा असून सुधारित पंचांगानुसार तो १६ जून येतो. मुंबईकर इंग्रज व गोवेकर पोर्तुगीज यांची त्या काळातील पत्रे जुळविताना हे दहा दिवस विसरून चालत नाही.

रूपांतरासाठी शंकर बाळकृष्ण दीक्षित व रॉबर्ट स्युएल यांचा १८९६ चा भारतीय पंचांगावरील ग्रंथ आणि स्वामिकन्नू पिळ्ळै यांच्या १९२२ मधील कोष्टकांचे खंड आजही उपयुक्त आहेत.

संगणकीय सूचीसंबंधी विचार

संगणकीय सूचीत दिनांकासाठी एकच रकाना ठेवल्यास सूचीकाराचा निर्णय अंतिम ठरतो आणि मूळ नोंद दृष्टिआड होते. म्हणून किमान तीन नोंदी स्वतंत्र असणे इष्ट आहे : कागदावरील मूळ कालनिर्देश जसाच्या तसा, रूपांतरित इसवी दिनांक, आणि तो निश्चित नसल्यास त्याच्या दोन मर्यादा, तसेच दिनांक कागदावर लिहिलेला आहे की संपादकाने अनुमानाने ठरविला आहे याचा निर्देश. वर्ष न लिहिलेली पत्रे पुष्कळ असल्याने तिसरी नोंद विशेष आवश्यक ठरते.

समारोप

कालरूपांतर हे केवळ बेरीज-वजाबाकीचे काम नसून साधनचिकित्सेचाच भाग आहे. रूपांतरित तारीख हा एक निष्कर्ष असतो, तर मूळ कालनिर्देश हा पुरावा असतो. निष्कर्ष चुकला तरी पुरावा जपलेला असल्यास पुढील अभ्यासक तो दुरुस्त करू शकतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मोडी वाचनाबरोबरच कालगणनेचाही सराव देणे त्यामुळे अगत्याचे आहे.