लेखांक ६ : ताणाचे मूळ कोठे शोधावे?

पारलिंगी, तृतीयपंथी किंवा स्त्री-पुरुष या दोन चौकटींपैकी कोणत्याही एकीत न बसणाऱ्या व्यक्तींमध्ये नैराश्य व चिंता यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते, हे अनेक देशांतील पाहण्यांतून वारंवार दिसून आले आहे आणि त्याविषयी अभ्यासकांत फारसे दुमत नाही. दुमत आहे ते या निष्कर्षाचा अर्थ कसा लावायचा याविषयी. मानसोपचारशास्त्राने दीर्घकाळ असे मानले की जन्मतः नोंदलेल्या लिंगाशी न जुळणारा लिंगभाव, म्हणजे स्वतःच्या स्त्रीत्वाची, पुरुषत्वाची किंवा त्यापलीकडची आंतरिक जाणीव, हाच एक विकार असून मनोवेदना हे त्याचे लक्षण आहे. विकार आहे म्हणून वेदना, आणि वेदना आहे म्हणून विकार, अशा या युक्तिवादात व्यक्तीच्या भोवतालचे जग कोठेच येत नव्हते.

ते जग हिशेबात धरणारी मांडणी ‘अल्पसंख्याक ताण’ या नावाने ओळखली जाते. व्हर्जिनिया ब्रूक्स यांनी १९८१ मध्ये समलिंगी स्त्रियांच्या संदर्भात ही कल्पना मांडली. इलान मायर यांनी १९९५ मध्ये न्यूयॉर्क शहरातील ७४१ समलिंगी पुरुषांच्या पाहणीच्या आधारे ती तपासली आणि २००३ मध्ये तिला सविस्तर सैद्धांतिक रूप दिले. नोकरी जाणे, आजारपण, घरातील मृत्यू असे ताण सर्वांच्याच वाट्याला येतात, परंतु कलंकित मानल्या गेलेल्या गटातील व्यक्तीला त्यांखेरीज आणखी एक ताण सोसावा लागतो, जो समाजव्यवस्थेतून उपजतो आणि ती व्यवस्था टिकून असेपर्यंत टिकतो, असे या मांडणीचे सार आहे. या ताणाचे दोन स्तर मानले जातात. मारहाण, घरातून हाकलणे, नोकरी नाकारणे अशा बाहेरून घडणाऱ्या घटना दूरस्थ ताणात मोडतात. त्या घटनांनी मनात जे घर केलेले असते, म्हणजे नकाराची कायमची धास्ती, ओळख लपवण्याची धडपड आणि समाजाचा तिरस्कार स्वतःविषयीच खरा वाटू लागणे, तो निकटस्थ ताण होय. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तशी ही धास्ती प्रत्यक्ष अपमान होत नसतानाही चालू राहते, आणि शरीर व मन थकते ते बहुधा या अखंड सावधपणानेच.

मायर यांची मांडणी लैंगिक कलाविषयी होती. हेंड्रिक्स आणि टेस्टा यांनी २०१२ मध्ये ती लिंगभावाला लागू केली आणि २०१५ मध्ये टेस्टा व सहकाऱ्यांनी नऊ उपमापिकांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यातील एक घटक जुन्या मांडणीत नव्हता: व्यक्ती स्वतःला जी मानते ती असल्याचे इतरांनी मान्य न करणे. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात साडी नेसून बसलेल्या व्यक्तीचे केसपेपरवरील जुने, पुरुषी नाव मोठ्याने पुकारले जाते, रांगेतील सगळ्या माना वळतात, आणि दाखल करायची वेळ आली की पुरुषांचा वॉर्ड की स्त्रियांचा यावर तिच्यादेखत चर्चा सुरू होते. येथे कोणी शिवी दिलेली नसते, कोणी हातही उगारलेला नसतो, त्यामुळे अत्याचाराच्या नोंदीत हा प्रसंग कधीच येत नाही. तरीही पुढच्या वेळी ताप अंगावर काढण्याचा निर्णय अशाच प्रसंगातून होऊ शकतो. असे क्षण मोजण्याची सोय केली, हे या प्रश्नावलीचे खरे महत्त्व आहे.

वेदना वेगळ्या लिंगभावातून येते की समाजाच्या वागणुकीतून, हा प्रश्न थेट तपासणारा एक महत्त्वाचा अभ्यास मेक्सिको सिटीत झाला. रेबेका रोब्लेस आणि सहकाऱ्यांनी २५० पारलिंगी प्रौढांच्या मुलाखती घेऊन २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहभागींपैकी ७६ टक्क्यांनी सामाजिक नकार आणि ६३ टक्क्यांनी हिंसा अनुभवली होती, आणि ही हिंसा करणाऱ्यांत कुटुंबीयांचेच प्रमाण मोठे होते. मानसिक त्रास व दैनंदिन व्यवहारांतील अडचणी यांचा संबंध लिंगभावातील विसंगतीपेक्षा नकाराशी आणि हिंसेशी अधिक घट्ट असल्याचे आढळले. याच दिशेने जाणारा बदल रोगवर्गीकरणातही झाला: जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि २०२२ पासून लागू झाली, ही विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याशी संबंधित स्थितींच्या प्रकरणात ठेवण्यात आली. ती यादीतून पूर्ण वगळली नाही, कारण वर्गीकरणात संज्ञाच नसेल तर अनेक देशांत उपचार आणि विमा दोन्ही मिळणे अवघड होते.

दुसरी बाजू स्वास्थ्याची. रसेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतील १२९ पारलिंगी व लिंगभाव-विविध युवकांची पाहणी प्रसिद्ध केली. घर, शाळा, काम आणि मित्रमंडळी यांपैकी जितक्या ठिकाणी त्यांना स्वतः निवडलेल्या नावाने हाक मारली जाई, तितकी त्यांच्यातील नैराश्याची लक्षणे कमी आढळली. मात्र हा सहसंबंध आहे, कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे: जे घर मुलाचे नाव मान्य करते ते इतर अनेक बाबतींतही त्याच्या पाठीशी उभे राहत असणार, तेव्हा गुण नावाचा की घराचा, हे एका पाहणीवरून सांगता येत नाही. अशा संशोधनाच्या समर्थकांनीही ही मर्यादा पुष्कळदा झाकली आहे, आणि तशी ती झाकण्याची काही गरज नव्हती.

भारताकडे वळल्यावर टेस्टा व सहकाऱ्यांच्या प्रश्नावलीची मोजपट्टी काही ठिकाणी अपुरी पडते. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या लिंगनोंदीखाली ४,८७,८०३ व्यक्ती होत्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने तृतीयपंथीयांची ओळख कायद्याच्या पातळीवर मान्य केली. प्रश्नावलीतील ओळख लपवण्याविषयीचे प्रश्न कार्यालयात काम करणाऱ्या पारलिंगी पुरुषाला नेमके लागू पडतात. पण बधाई (शुभप्रसंगी आशीर्वाद देऊन मिळणारी बिदागी) आणि मांगती (मागून मिळणारे पैसे) यांवर जगणाऱ्या हिजड्यांची उपजीविकाच ओळख उघड असण्यावर अवलंबून असते. कोल्हापूर-सांगली भागात यल्लमाला वाहिलेल्या जोगत्याला जोगवा मागताना स्त्रीवेशातही हात जोडले जातात, परंतु तो मान नोकरी मागताना कामी येईलच असे नाही. समुदायाशी जोडलेपण हा घटकही प्रश्नावलीत निव्वळ संरक्षक म्हणून येतो. हिजड्यांच्या घराण्यातील गुरू-चेला नाते घरातून हाकललेल्या मुलाला छप्पर, नाव आणि आजारपणात माणूस देते हे खरेच, पण त्याच नात्यात कमाईचा वाटा द्यावा लागतो आणि नियम मोडल्यास डंड भरावा लागतो, आणि ताणाच्या हिशेबात हे दोन्ही धरले पाहिजे.

या दृष्टीने व्यंकटेशन चक्रपाणी आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास मोलाचा आहे. भारतातील ३०० पारलिंगी स्त्रिया आणि पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे ३०० पुरुष यांच्या या पाहणीत कलंक आणि नैराश्य यांचा संबंध स्पष्ट आढळला, आणि त्या संबंधाचा काही भाग सामाजिक आधार व अडचणींतून सावरण्याची वृत्ती यांच्यामार्फत जातो, असेही दिसले. आधार कोणाकडून मिळतो आणि त्याच्या मोबदल्यात काय द्यावे लागते, हे मात्र एका गुणांकाने कळत नाही. त्यासाठी घराण्यात राहणाऱ्या आणि घराणे सोडलेल्या व्यक्तींकडे स्वतंत्रपणे विचारणा करावी लागेल.