एका मण्याभोवती सहा

एक रुपयाचे नाणे टेबलावर ठेवा आणि त्याच्याभोवती तशीच नाणी चिकटून लावत जा. सहावे नाणे उरलेल्या जागेत नेमके बसते. पाच नाण्यांनी फट राहते, सातव्याला जागाच नसते. नाण्यांऐवजी सारख्या मापाच्या बांगड्या घेतल्या तरी उत्तर सहाच. ताटात लाडू मांडणाऱ्या हातांना हे गणित कोणी न शिकवताच येत असते. सुई-दोऱ्याने बारीक काचमण्यांची गोल वीण घालून दागिने करण्याची कला या आकड्यावर उभी आहे. ती शिकताना हाताच्या सफाईचे फार कौतुक होते, पण खरे काम मोजणीचे आहे.

आधी ओवणे आणि विणणे यांतला फरक. माळ ओवताना दोरा प्रत्येक मण्यातून एकदा जातो आणि पुढे निघतो. पटवेकरी मंगळसूत्र गाठवतो तेव्हाही काळे मणी एकामागे एक सरावर बसतात. कसब असते ते गाठींत आणि पदर जुळवण्यात. विणकामात मात्र दोरा मागे फिरतो, आधी घातलेल्या मण्यातून पुन्हा जातो आणि शेजारच्या मण्याला त्याच्याशी बांधून टाकतो. खाली कापड नाही, माग नाही, मण्यांना मण्यांचाच आधार. एकाच भोकातून दोरा दोन, तीन, कधी चार वेळा न्यावा लागतो. म्हणून या कामात मण्याच्या रंगाआधी त्याचे भोक पाहतात.

हे सारे परके समजायचे कारण नाही. रुखवतात मांडलेला तंगुसाचा पोपट, प्लास्टिकच्या मोत्यांची पर्स, काचेच्या कपाटातली मोत्यांची कपबशी आठवा. तंगुसाची दोन टोके दोन बाजूंनी एकाच मण्यात घालून ओढली की चार मण्यांचे एक घर बंद होते, आणि त्या घराच्या भिंतीवरून पुढचे घर सुरू होते. मणीकामाच्या इंग्रजी पुस्तकांत या विणीला ‘राइट अँगल वीव्ह’, म्हणजे काटकोनी वीण म्हणतात आणि तिच्यासाठी नवशिक्यांची धीर देऊन तयारी करून घेतात. आपल्याकडे कित्येक मुलींनी ती मे महिन्याच्या सुट्टीत, नाव माहीत नसताना हस्तगत केली. या विणीतली एक गंमत तर फारच देखणी आहे. चार-चार मण्यांची घरे जोडत गेले तर सपाट पट्टी होते, सहा-सहा मण्यांची जोडली तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सपाट जाळी. पाच-पाच मण्यांची घरे मात्र सपाट राहायला तयार नसतात. ती आत वळत जातात आणि बाराव्या घराला चेंडू बंद होतो. दोन घरांमधला मणी सामाईक असल्याने या चेंडूला साठ नव्हे, बरोबर ३० मणी लागतात. मोजणी बदलली की आकार बदलतो, हे इथेच कळते.

गोल विणकामात सर्वांत जास्त शिकवली जाते ती पेयोटी वीण. सुरुवात अशी: सुईवर तीन मणी घ्यायचे आणि पहिल्या मण्यातून सुई पुन्हा काढून कडे बंद करायचे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक फटीत दोन मणी, म्हणजे सहा. तिसऱ्या फेरीत त्या सहांच्या मधल्या प्रत्येक फटीत एक मणी, पुन्हा सहाच. चौथ्या फेरीत दोन-दोन, म्हणजे बारा. पाचवीत एकेक, तेही बारा. मणी भिंतीतल्या विटांसारखे अर्ध्याने सरकून बसतात आणि चकती तळहातावर वाढत जाते.

नवशिक्याचे काम बहुधा फेरीच्या शेवटी चुकते. शेवटचा मणी घालून झाला की सुई मागच्या फेरीच्या मण्यातून बाहेर येते. तिथेच थांबून पुढचा मणी घेतला तर वीण बिघडते. त्याच दमात सुई आणखी एका मण्यातून, म्हणजे चालू फेरीत घातलेल्या पहिल्या मण्यातून काढावी लागते; तेव्हा कुठे ती वरच्या मजल्यावर येते. याला पायरी चढणे म्हणता येईल. ही पायरी एका जागी राहत नाही, दर फेरीला तिरकी पुढे सरकते. त्यामुळे सुरुवातीच्या मण्यापाशी रंगीत दोऱ्याची खूण बांधून ठेवण्याची शहाणी युक्ती दोन-चार फेऱ्यांत दगा देते. खूण शोधण्यापेक्षा प्रत्येक फेरीतले मणी मोजलेले बरे.

आता मुख्य गोष्ट. वर्तुळाची त्रिज्या एका मण्याने वाढवली की परीघ २π, म्हणजे सुमारे ६.२८ मण्यांनी वाढतो. वर्तुळ टिकलीएवढे असो की परातीएवढे, ही वाढ तेवढीच राहते. मात्र हा हिशेब लांबी आणि जाडी सारखी असलेल्या मण्याचा झाला. बाजारातला मणी असा क्वचितच असतो. जपानी नळकांडी मणी १.६ मिलिमीटर जाड आणि १.३ मिलिमीटर लांब असतो. त्यामुळे एका मण्याच्या जाडीइतके बाहेर सरकायला सहाऐवजी जवळजवळ पावणेआठ मणी वाढवावे लागतात, आणि पेयोटीत ती जाडी भरायला दोन फेऱ्या जातात. पाऊण मणी घालता येत नाही. म्हणून चांगला विणकर कधी एक मणी जास्त घालतो, कधी एक वगळतो, आणि मधूनमधून चकती टेबलावर ठेवून बोटाने दाबून पाहतो.

वाढ कमी पडली तर चकतीची कड उचलली जाते आणि तिची वाटी होते. वाढ थांबवली तर भिंत सरळ उभी राहते, नळी तयार होते. वाढ जास्त झाली तर मण्यांना सपाट जागा पुरत नाही. ते वर-खाली होत झालर धरतात, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी. ही झालर म्हणजे चुकलेले काम, असे पूर्वीच्या शिक्षिका म्हणाल्या असत्या. पण कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये क्रोशाच्या सुईने टाके ठरावीक प्रमाणात वाढवत नेऊन अतिपरवलयी पृष्ठभागाचा, म्हणजे जिथे समांतर रेषांचे शाळेतले नियम चालत नाहीत अशा भूमितीचा, हातात धरता येईल असा नमुना करून दाखवला. मण्यांच्या कानातल्यांत आणि फुलांच्या ब्रोचमध्ये दिसणारी दाट झालर त्याच जातीची आहे.

आकार बदलायची आणखी एक वाट आहे, आणि मला ती सर्वांत चतुर वाटते: मण्यांची संख्या तीच ठेवायची, माप बदलायचे. चकाकणाऱ्या गोल खड्याला मण्यांचे कोंदण करताना हेच करतात. १४ मिलिमीटरच्या, मागून टोकदार असलेल्या रिव्होली खड्याला त्या जपानी नळकांडी मण्यांचे ३६ मण्यांचे कडे लागते. दोन-तीन फेऱ्यांची भिंत उभी केली की पुढच्या फेऱ्यांत पंधरा नंबरचे बारीक मणी घालायचे. संख्या बदललेली नसते, पण घेर आवळतो आणि कड खड्यावर वाकते. मग खडा उलटून आत ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूनेही तसेच आवळायचे. डिंक नाही, धातू नाही. खडा नुसत्या दोऱ्याच्या ताणावर बसतो. सोनाराच्या कोंदणाशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण सोनार धातू दाबून बसवतो आणि इथे मापाने आवळायचे असते. ही वेगळीच विद्या आहे.

याच युक्तीचा थाट ‘सेलिनी’ पीळात दिसतो. व्हर्जिनिया ब्लेकलॉक आणि कॅरल पेरेनूड या अमेरिकन विणकर स्त्रियांनी तो घडवला आणि सोळाव्या शतकातला इटालियन सोनार-शिल्पकार बेनव्हेनुतो सेलिनी याचे नाव त्याला दिले. नळीच्या एकाच फेरीत बारीक मणी, मध्यम, जाड आणि पुन्हा बारीक अशी रांग लावायची. सुई ज्या मापाच्या मण्यातून बाहेर आली त्याच मापाचा मणी पुढे घ्यायचा, एवढाच नियम. पायरी तिरकी सरकते हे वर आलेच आहे. तिच्याबरोबर जाड मण्यांची रांगही तिरकी चढते. बारीक मणी आत खेचतात, जाड बाहेर फुगतात, आणि सरळ नळीऐवजी कोरीव खांबासारखा पिळदार गोफ हातात येतो. शिकणारा पहिल्या दहा फेऱ्यांत ‘हे काहीच होत नाही’ म्हणून वैतागतो. पीळ दिसायला तेवढा अवधी द्यावा लागतो.

मण्यांचे विणकाम किती जुने, हे शोधणे अवघड, कारण काच टिकते आणि दोरा कुजतो. सारी वीण दोऱ्यात असते; तो गेला की उरतो मण्यांचा ढीग. म्हणून गीझा इथे १९२७ मध्ये उघडलेल्या एका कबरीला महत्त्व आहे. पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाच्या काळातल्या, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचे ते दफन कोणी विस्कटले नव्हते. दोरा विरून गेला होता, पण फायन्स नावाच्या चकाकत्या मातीकामाचे मणी जागच्या जागी पडलेले होते. त्यावरून शंकरपाळ्याच्या आकाराच्या घरांची अख्खी जाळीदार पोशाखाची वीण पुन्हा उभी करता आली. आता तो बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. मण्यांचा निळा-हिरवा रंग फिका पडला आहे. मूळ रंग लाजवर्द आणि पिरोजाची आठवण करून देणारा होता.

विणींची नावेही इतिहास सांगतात, जरा तिरकसपणे. पेयोटी हे एका निवडुंगाचे नाव. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या ‘नेटिव्ह अमेरिकन चर्च’ या पंथात तो पवित्र मानतात, आणि त्या विधीतल्या भोपळ्याच्या खुळखुळ्यांच्या मुठी या विणीने मढवतात. काही जण म्हणून पेयोटी हे नाव फक्त विधीच्या वस्तूंपुरते राखून एरवी तिला भोपळा-वीण म्हणणे पसंत करतात, आणि ते रास्त आहे. दुसऱ्या एका विणीला दक्षिण आफ्रिकेतल्या एन्देबेले लोकांचे नाव आहे. तिच्यात मणी जोडीजोडीने, कणसातल्या दाण्यांसारखे तिरपे बसतात. ग्रीनलंडच्या स्त्रियांच्या सणाच्या पोशाखात खांद्यांवर पसरणारी रुंद गोल मण्यांची जाळी असते. कार्पेथियन पर्वतातल्या लेम्को स्त्रियांच्या गळ्यातही तशीच गोल गळपट्टी दिसते.

एन्देबेले स्त्रिया गवताची वेटोळी गुंडाळून, वरून मणी मढवून गळ्यात आणि पायांत घालायची जाड कडी करतात. आता सौराष्ट्रात या. तिथल्या मोतीभरतात तोरणे आणि चाकळे आहेत, बैलांची आभूषणे आहेत, आणि आहे इंढोणी: डोक्यावर हंडा ठेवण्याआधी ठेवायचे कडे, आपल्या भाषेत चुंबळ. रोजच्या पाण्याची चुंबळ चिंधीची असते, तशी आपल्याकडेही. पण लग्नात मिरवायची इंढोणी मण्यांनी संपूर्ण मढवलेली आणि गोंडे लोंबणारी. गोल कड्याला मण्यांचे सपाट कापड घालता येत नाही, कारण कड्याचा आतला घेर लहान आणि बाहेरचा मोठा. तिथे प्रत्येक ओळीला मणी वाढवत आणि घटवत जावेच लागते. पाण्याच्या हंड्याखालच्या वस्तूत एवढा हिशेब आहे, हे तिच्याकडे पाहताना ध्यानात येत नाही. मोतीभरताला १९व्या शतकात जे बारीक काचमणी मिळाले ते व्हेनिसकडचे, समुद्रमार्गे आलेले.

आज नियमित मापाचे मणी मुख्यतः जपानमधल्या हिरोशिमा प्रांतातून आणि चेक प्रजासत्ताकातल्या याब्लोनेत्स भागातून येतात. काचेची पोकळ नळी ओढायची, तिचे तुकडे करायचे आणि उष्णतेने कडा गोल करायच्या, ही मूळ रीत. आंध्रातल्या पापानायडूपेट इथेही लांब लोखंडी पहारीने काचेची नळी ओढण्याची जुनी पद्धत होती. मण्यांचे नंबर मात्र उलटे चालतात. अकरा नंबर सुमारे दोन मिलिमीटरचा, आठ नंबर तीनचा, पंधरा नंबर दीडचा. नंबर मोठा तितका मणी लहान, हे दुकानात उभे राहून आठवले नाही तर घरी नको तो माल येतो. सुईचेही तसेच: दहा नंबरची जरा जाड, बारा नंबरची केसासारखी.

पहिल्या कामाला काळे मणी घेऊ नयेत, भोके दिसत नाहीत. फिकट रंगाचे दोन-तीन प्रकार घ्यावेत, अकरा नंबरचे. तंगूस ताठ असतो. या कामाला मऊ नायलॉनचा बारीक दोरा बरा, आणि त्यावर मेण फिरवले की तो गुंतत नाही, ताणही धरून ठेवतो. एका वेळी हातभर-दीड हात दोरा पुरे. तो संपला की गाठ मारून कापू नये. टोक जुन्या मण्यांतून नागमोडी फिरवून लपवावे.

पायरी चढण्याचा कंटाळा असेल तर त्यातून सुटकाही आहे. नळीसाठी कडे विषम संख्येचे घ्यावे, समजा नऊ मण्यांचे. मग फेरी कधी संपतच नाही. सुई जिन्यासारखी आपोआप वर चढत राहते आणि पायरी लागत नाही. अडचण एवढीच की किती फेऱ्या झाल्या हे सांगता येत नाही. मनगटाला पुरेल का, ते गोफ गुंडाळून पाहूनच ठरवायचे.