वर्गातला शोधखेळ : दिवस, ऋतू आणि भरती-ओहोटी

"उन्हाळा का येतो?" असं मुलांना विचारून बघा. बरीच मुलं सांगतील, "पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून." मोठी माणसंही हेच सांगतात. पण पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्याकडच्या थंडीत! पाठांतरानं मार्क मिळतात, चुकीची समजूत मात्र तशीच राहते. ती काढायला एक खेळ कामी येतो.

शिक्षकांनी १२ कार्डं करायची. प्रत्येक कार्डावर वरती एक उत्तर आणि खाली दुसराच प्रश्न लिहायचा. कार्डं वर्गाच्या भिंतींवर विखरून लावायची. तीन-चार मुलांचा गट कुठल्याही कार्डापासून सुरुवात करतो. प्रश्न वाचायचा, त्याचं उत्तर भिंतीवर शोधायचं, तिथला नवा प्रश्न घ्यायचा. सगळं बरोबर आलं तर बाराही कार्डं फिरून गट पहिल्या जागी परततो. मध्येच पाहिलेलं कार्ड पुन्हा आलं, तर समजायचं की कुठंतरी चूक झाली. मग मुलं आपसात वाद घालतात, आणि खरं शिकणं तिथंच होतं.

प्रश्न रोजच्या जगण्यातले घ्यावेत.

दिवस : फजर आणि मगरिबची वेळ रोज थोडी का सरकते? पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिवस-रात्र होतात. पण तिचा अक्ष सुमारे २३.५ अंश कललेला आहे, त्यामुळे दिवस लहान-मोठा होतो. मुंबईत जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमध्ये सुमारे अकरा तासांचा असतो.

ऋतू : २०१६ मध्ये रमजान जूनमध्ये आला, २०२६ मध्ये फेब्रुवारीत. असं का? चांद्रवर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं, म्हणून रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो. ऋतू मात्र सूर्याच्या हिशेबानं चालतात. उत्तर गोलार्ध सूर्याकडे कललेला असताना ऊन जास्त सरळ पडतं आणि दिवसही मोठा असतो, म्हणून तेव्हा उन्हाळा.

भरती-ओहोटी : हाजी अली दर्ग्याची वाट भरतीत पाण्याखाली का जाते? चंद्राच्या ओढीमुळे समुद्राचं पाणी पृथ्वीच्या दोन बाजूंना फुगतं, म्हणून आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोनदा भरती येते. चंद्रही पुढं सरकत असतो, त्यामुळे भरती दुसऱ्या दिवशी सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीत मिळते, तेव्हा उधाण येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे कमी पाणी.

कोकणातले दर्यावर्दी हे हिशेब चांद्रतारखेवरून लावत आलेत. चाँदची पहिली दोन-तीन किंवा चौदा ते सोळा तारीख असेल, तर पाणी जास्त चढणार, हे ते जाणतात. किनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्या मुलांना एवढं माहीत असलं, तरी एखादा अपघात टळू शकतो.

शाळेत हा खेळ होत नसेल तर घरी करा. नमाजाचं वेळापत्रक, चाँदची तारीख असलेलं कॅलेंडर आणि १२ कागद पुरेत. पहिला प्रश्न मुलांनाच विचारू द्या, आणि उत्तर आलं नाही तर त्यांच्यासोबत तुम्हीही शोधा.