चेंडू पायात नसलेली सत्त्याऐंशी मिनिटं

१ डिसेंबर २०२२, दोहाचं खलिफा स्टेडियम, विश्वचषकातला स्पेन-जपान सामना. मध्यंतराला स्पेन १-० असा पुढे होता आणि जपानला चेंडू जेमतेम दर्शनापुरता मिळत होता. जपानचे प्रशिक्षक हाजिमे मोरियासू यांनी तेव्हा दोन बदल केले: कुबोच्या जागी रित्सू दोआन, नागातोमोच्या जागी काओरू मितोमा. ४८व्या मिनिटाला दोआनने गोल ठोकला. ५१व्या मिनिटाला मितोमाने गोलरेषेबाहेर निसटू पाहणारा चेंडू पायाने आत खेचला आणि तनाकाने तो जाळ्यात ढकलला. चेंडू रेषेवर जेमतेम १.८८ मिलिमीटर उरला होता, असं नंतर सांगितलं गेलं. जपान २-१ने जिंकला. सामन्यानंतरच्या तक्त्यात स्पेनचे पास हजारावर होते आणि जपानचा चेंडूवरचा ताबा १८ टक्क्यांहूनही कमी. विश्वचषकाच्या उपलब्ध नोंदींत इतक्या कमी ताब्यावर कुणीच जिंकलेलं नव्हतं.

दोआनची गंमत त्याहून मोठी. जर्मनीविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि बरोबरीचा गोल केला. मग कोस्टा रिकाविरुद्ध त्याला पहिल्या मिनिटापासून खेळवलं, तर जपान ०-१ने हरला. स्पेनविरुद्ध पुन्हा बाकावर बसवला आणि त्याने पुन्हा गोल केला. आता सांगा, त्याला पहिल्या अकरांत घ्यायचं की नाही? जगभर कट्ट्या-कट्ट्यावर चालणारा वाद हाच. एकाच्या हातात टक्केवारी असते, दुसरा म्हणतो टक्केवारी गुंडाळून ठेव, मी सामना डोळ्यांनी पाहिलाय.

दोघांनाही अडचणीत टाकेल असा एक सोपा हिशेब आहे. फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा. त्यात थ्रो-इन, फ्री किक, दुखापती, वादावादी यांत बराच वेळ जातो आणि चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो साधारण ५५ ते ६० मिनिटं. मैदानावर खेळाडू बावीस. भागाकार करून पाहा: एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटंसुद्धा येत नाहीत. म्हणजे जगातला सर्वांत महागडा खेळाडूही उरलेली सत्त्याऐंशी मिनिटं चेंडूशिवाय असतो. पास, शॉट, टॅकल, ड्रिबल हे सगळे आकडे त्या तीन मिनिटांचे. मला तर हे कळल्यापासून सामना नीट बघताच येत नाही. नजर सारखी चेंडू सोडून भलतीकडेच जाते.

मोजदादीचा नाद तसा जुना आहे. १८ मार्च १९५० रोजी इंग्लंडमध्ये स्विंडन टाउनचा सामना पाहताना चार्ल्स रीप नावाच्या हवाई दलातल्या हिशेबनिसाने कागद-पेन्सिल काढली आणि एकेक चाल टिपायला घेतली. पुढे कित्येक वर्षं तो हेच करत राहिला. त्याचा निष्कर्ष असा, की सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात, तेव्हा फार पास देत बसू नका, चेंडू लांब पुढे टोलवा. इंग्लिश फुटबॉलमधल्या बऱ्याच जणांना हे पटलं. पण रीपच्याच नोंदींत दुसरा आकडा होता. एकूण चालींपैकी ९१.५ टक्के चाली तीन पासांच्या आतच संपत. नव्वदहून जास्त टक्के चालींतून ऐंशीच टक्के गोल होत असतील, तर लांबलेल्या चालीच जास्त फळतात! बेरीज बरोबर होती, भागायचं राहून गेलं.

बचावपटूंची मोजणी तर आणखी अवघड. २००१च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी २९ वर्षांच्या याप स्टामला लाझिओला विकलं आणि त्याच्या जागी पस्तिशीतला लोराँ ब्लाँ आणला. स्टामचे टॅकल कमी झाल्याचं आकड्यांत दिसत होतं आणि विक्रीमागे तेही एक कारण होतं, असं सांगतात. हा निर्णय चुकल्याचं फर्ग्युसन यांनी पुढे मान्य केलं. टॅकल म्हणजे अंगावर आलेल्या माणसाकडून चेंडू हिसकावणं, आणि जो आधीच योग्य जागी उभा असतो त्याच्या अंगावर कुणी येतच नाही. ज्या वाड्यात कधी चोर शिरलाच नाही, तिथल्या राखणदाराच्या वहीत काय लिहायचं? मिलानच्या पाओलो माल्दिनीची वही अशीच बरीचशी कोरी असे.

कोल्हापूरकरांना यात नवल वाटणार नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहार तालमीच्या फुटबॉल संघाचा सामना असला, की गॅलरीतले जाणते अमक्याला का घेतला आणि तमक्याला का बसवला यावर तावातावाने बोलतात. कोण जागा सोडतो आणि कोण धरून असतो, हे त्यांना टक्केवारीवाचून दिसतं.

मग आकडेवाले हरले का? छे. ते शहाणे झाले. आधी त्यांनी शॉट नुसते मोजणं सोडलं. पस्तीस मीटरवरून हाणलेला फटका आणि गोलच्या तोंडाशी मिळालेली संधी यांना सारखंच एक का म्हणायचं? अंतर, कोन, पायाने की डोक्याने, अशा गोष्टी पाहून तशा हजारो जुन्या शॉटपैकी किती गोल झाले ते काढायचं. हा झाला ‘अपेक्षित गोल’, म्हणजे एक्सजी. पेनल्टीची किंमत येते सुमारे ०.७७, म्हणजे शंभरातल्या तेवीसेक हुकणारच. ज्याने पेनल्टी हुकवली त्याला शिव्या घालण्याआधी हा आकडा आठवावा (आठवत नाही, हा भाग वेगळा).

आणि आता ते चेंडूपासून दूर गेलेत. कतारच्या विश्वचषकात ऑफसाइडसाठी छताखालचे बारा कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला पन्नास वेळा टिपत होते आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला पाचशे वेळा खबर देत होता. अशा नोंदींतून काय काढता येतं, हे विल्यम स्पिअरमन यांनी दाखवलं. हा माणूस आधी सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन या मूलकणावर काम करत होता आणि नंतर लिव्हरपूल क्लबमध्ये आला. मैदानाच्या प्रत्येक तुकड्यासाठी तो विचारतो: चेंडू आत्ता इथे पडला, तर आधी कोण पोहोचेल? उत्तरांचा नकाशा रंगवला, की कुणाच्या नुसत्या धावण्याने रिकामी जागा उघडली हे दिसू लागतं, मग त्याला चेंडू मिळो न मिळो. गॅलरीतले जाणते ज्याला जागा धरणं म्हणतात, त्याला अखेर एक गणित मिळालं.

पण त्याने भांडण मिटलं असं नाही. लिव्हरपूलची ही गणिती मंडळी इयन ग्रॅहम यांच्या हाताखाली काम करत. त्यांनी मोहम्मद सालाहच्या नावाला पाठिंबा दिला होता; चेल्सीत तो रुजला नव्हता, तरी २०१७मध्ये तो आला आणि पहिल्याच हंगामात लीगमध्ये ३२ गोल करून बसला. नाबी केईता हाही ग्रॅहम यांच्या आकड्यांचा लाडका. २०१८मध्ये तो आला, स्टीव्हन जेरार्डचा आठ नंबर त्याला मिळाला, आणि पाच वर्षं दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही. केईता फसला तो आकडे चुकले म्हणून की शरीर साथ देईना म्हणून, हे लिव्हरपूलच्या दोन चाहत्यांना एकत्र बसवून विचारा, आणि त्या संध्याकाळी दुसरं काही काम ठेवू नका.