उजवा कान नॉट रीचेबल!

सोमवारची सकाळ. हिंजवडीची बस गाठायची घाई. आमच्या एका मित्राने नेहमीप्रमाणे मोबाइल उजव्या कानाला लावला, तर पलीकडे शुकशुकाट. 'नेटवर्क गंडलंय' म्हणत त्याने फोन डाव्या कानाला नेला, तर बायकोचा आवाज एकदम खणखणीत. नेटवर्क ठीकच होतं. गंडला होता तो कान.

वय वर्षं ३१. ना अपघात, ना ठणका. कानात फक्त एक बारीक शिट्टी आणि थोडीशी चक्कर. मग आपण सगळे जे करतो, तेच त्यानेही केलं. 'मळ असेल', 'एसीची सर्दी असेल' म्हणत घरी कोमट तेलाचे थेंब टाकले आणि प्रोजेक्टची डेडलाइन सांभाळली. डॉक्टरकडे गेला तो थेट अठराव्या दिवशी.

निदान झालं : 'सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस'. साधारण तीन दिवसांच्या आत ऐकू येणं झपाट्याने कमी होतं, तेही बहुतेक वेळा एकाच कानाचं. कारण अनेकदा सापडतच नाही. स्टिरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले, तर फायद्याची शक्यता जास्त. विमानातून उतरल्यावर अचानक काहीच ऐकू येईना, असं गायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४मध्ये इन्स्टाग्रामवर सांगितलं, तेव्हा अनेकांनी या प्रकाराबद्दल पहिल्यांदा ऐकलं.

मित्राचा कान काही परत आला नाही. औषधं संपली आणि कागदांची गोष्ट सुरू झाली.

दोन कानांचं गणित

'अरे, सर्टिफिकेट काढ. टॅक्समध्ये सूट मिळते,' ऑफिसातल्या कुणीतरी सल्ला दिला. त्याने ऑनलाइन अर्ज केला, सरकारी हॉस्पिटलची तारीख मिळाली, तपासण्या झाल्या. निकाल आला : १७ टक्के.

'एक कान पूर्ण गेलाय, म्हणजे निदान ५० टक्के तरी नको का?' त्याचा प्रश्न बिनतोड वाटतो. पण सरकारी फॉर्म्युला वेगळा आहे. चांगल्या कानाच्या टक्केवारीला पाचाने गुणायचं, त्यात खराब कानाची टक्केवारी मिळवायची आणि बेरजेला सहाने भागायचं. चांगला कान शून्य, खराब कान शंभर. शंभर भागिले सहा. झाले १७!

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याची व्याख्याही दोन्ही कानांचा हिशेब धरते. दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असेल तर 'कमी ऐकू येणारे', ७०च्या पुढे 'कर्णबधिर'. आणि बहुतेक सवलतींचं दार उघडतं ते ४० टक्क्यांना.

मिळतं काय, मिळत नाही काय?

टॅक्सपासून सुरुवात करू. '८०यू' म्हणून आपल्याला माहीत असलेली वजावट ४० टक्क्यांपासून ७५ हजार रुपये आणि ८० टक्क्यांपासून सव्वा लाख. पण ती फक्त जुन्या कररचनेत. नवी रचना निवडली असेल तर विसरा.

ऑफिसने काढून दिलेला अपघात विमा? नावातच उत्तर आहे. बहिरेपण अपघातामुळे आलं तरच पैसे. झोपेतून उठलो आणि ऐकू येईना, याला विमा कंपनी अपघात मानत नाही.

सरकारी नोकरीत संरक्षण भक्कम आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं, तर कामावरून काढता येत नाही की पद खाली आणता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरी जागा द्यावी लागते. खासगी नोकरीत असं कवच नाही. पण २० किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कंपनीने 'समान संधी धोरण' करून त्यात सोयीसुविधा लिहायच्या असतात. एचआरकडे ते मागा. मागायला पैसे पडत नाहीत!

आणि आजार इतका गंभीर असेल की कायमचं काम करणंच अशक्य झालं, तर पीएफच्या पेन्शन योजनेत अपंगत्व पेन्शन आहे. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी त्यावर हक्क सांगता येतो. ही गोष्ट घरच्यांनाही सांगून ठेवा.

फाइल उघडा, पहिल्याच दिवशी

- पहिला ऑडिओग्राम, तारखेसह. आणि त्यानंतरचे सगळे.
- डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची बिलं, अॅडमिट झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड.
- 'बेरा' तपासणी सांगितली तर तिचा रिपोर्ट.
- आधार कार्ड, फोटो, पत्त्याचा पुरावा.

अर्ज 'स्वावलंबन' पोर्टलवर करायचा. १ जून २०२१पासून सर्टिफिकेट तिथूनच मिळतं. एजंटची गरज नाही. ऐकू येण्यात सुधारणा होण्याची शक्यता असेल तर ठरावीक मुदतीचं सर्टिफिकेट मिळतं. टक्केवारी पटली नाही तर अपील करता येतं.

मग १७ टक्क्यांचं केलं काय?

मित्राला मिळालं पांढऱ्या रंगाचं कार्ड, ४० टक्क्यांच्या आतलं. टॅक्स एक रुपयाने कमी झाला नाही. महिनाभर ते पाकिटात तसंच पडून होतं. कारण ऑफिसात त्याने कुणाला काही सांगितलंच नव्हतं. मीटिंगमध्ये उजवीकडून कुणी काही विचारलं की हा गप्प. 'हल्ली अॅटिट्यूड वाढलाय याचा,' अशी कुजबुज सुरू झाली. अप्रेझल तोंडावर आलं होतं.

शेवटी त्याने ते कार्ड मॅनेजरसमोर ठेवलं. 'सर, मी दुर्लक्ष करत नव्हतो. मला ऐकूच येत नव्हतं.' पुढची दोन मिनिटं मॅनेजरही गप्प. मग तीन गोष्टी ठरल्या. टेबलाच्या उजव्या टोकाची खुर्ची याची, म्हणजे सगळे डावीकडे येतात. व्हिडिओ कॉलवर कॅप्शन सुरू. आणि मीटिंगमध्ये ठरलेलं सगळं मेलवर लेखी.

एवढंच. खर्च शून्य.

सरकारी हिशेबात हे १७ टक्के फारसे कामाचे नाहीत. पण 'मी मुद्दाम करत नाही' हे सांगायला त्याला एक कागद हवा होता, तो मिळाला.

आणि हो, आज रात्री घरी फोन लावाल तेव्हा दोन मिनिटं दुसऱ्या कानाने बोलून बघा. आवाज अचानक कमी वाटला तर तेलाची बाटली राहू द्या जागेवर. उद्या सकाळी पहिली अपॉइंटमेंट कानाच्या डॉक्टरची. डेडलाइन एक दिवस थांबेल, कान थांबणार नाही.