निकाह झाला, नागरिकत्वाचे काय?

कंधारमध्ये आम्ही ज्या घरी बसलो होतो, तिथे चहाच्या आधी पत्र्याची एक पेटी आली. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी कमरेची किल्ली काढून ती उघडली. आत दागिना नव्हता. निकाहनामा, पासपोर्टच्या झेरॉक्स, व्हिसाचे जुने-नवे कागद, पोलिस कार्यालयातल्या पोचपावत्या, सगळे वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. त्यांची सून कराचीची. नात्याने सख्ख्या भावाची मुलगी, म्हणजे सासू हीच तिची फुप्पी.

"दागिने गेले तर पुन्हा होतील," फुप्पीअम्मा म्हणाल्या, "ही पेटी गेली तर घर मोडेल."

ही अतिशयोक्ती नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला हल्ला झाला आणि त्यानंतर तीन दिवसांत केंद्र सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. त्यातून राजनैतिक व सरकारी व्हिसांबरोबर दीर्घ मुदतीचा व्हिसा वगळला होता. थोड्या मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना देश सोडावा लागला, दीर्घ मुदतीचा व्हिसा हाती असलेल्या सुना घरातच राहिल्या. दोघींचा निकाह सारखाच, दोघींची मुले सारखीच. फरक फक्त एका कागदाचा.

अशी नाती आपल्याकडे का जुळली, हे जुन्या माणसांना सांगायला नको. कंधार तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर संस्थानातली बरीच कुटुंबे पाकिस्तानात गेली. कराचीत हैदराबाद कॉलनी नावाची वस्तीच उभी राहिली. एक भाऊ इकडे, एक तिकडे. ऑक्टोबर १९५२ पासून दोन देशांमध्ये पासपोर्ट आणि व्हिसा आले, पण मामा-फुप्पीच्या मुलामुलींचे रिश्ते ठरतच राहिले. आता नवे रिश्ते जवळजवळ थांबले आहेत. पण पूर्वी आलेल्या कितीतरी सुना आजही परक्या देशाच्या पासपोर्टवर आपल्या घरात नांदत आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या सासरच्या माणसांसाठी आहे.

पहिला गैरसमज हा, की भारतीय माणसाशी निकाह झाला म्हणजे मुलगी भारतीय झाली. तसे होत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ५(१)(क) प्रमाणे भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या व्यक्तीला नागरिक म्हणून नोंदणीसाठी अर्ज करता येतो. पण त्याआधी तिचे भारतातले वास्तव्य सात वर्षांचे हवे. हिशेब असा आहे: अर्जाच्या लगतचे बारा महिने सलग भारतात आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षे भारतात. बारा महिन्यांच्या अटीत खास कारणासाठी जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट सरकार देऊ शकते. म्हणून आई आजारी आहे, भावाचे लग्न आहे म्हणून माहेरी जायचे असेल, तर कॅलेंडर समोर ठेवून आणि परतीची परवानगी हातात घेऊनच जावे.

दुसरा गैरसमज २०१९ च्या दुरुस्तीचा. त्या दुरुस्तीची सवलत पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांसाठी आहे, मुसलमानांसाठी नाही. त्यामुळे 'आपल्यासाठी दार बंदच झाले' असे समजून अनेक जण अर्जच करत नाहीत. लग्नाच्या आधाराचे कलम मात्र जागेवर आहे आणि त्यात धर्माची अट नाही. सून कराचीची असो, कोलंबोची असो की कैरोची, कलम एकच.

आता ज्या एका गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती सांगतो. व्हिसाची मुदत एक दिवसही तुटू देऊ नका.

मुदत संपल्यावर थांबलेल्या परदेशी व्यक्तीला कायदा 'बेकायदा स्थलांतरित' म्हणतो आणि अशा व्यक्तीला या कलमाखाली अर्ज करता येत नाही. एवढ्यावर भागत नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेले मूल जन्माने भारतीय ठरायचे, तर आई-बाप दोघे भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. म्हणजे मूल जन्मले त्या दिवशी आईचा व्हिसा संपलेला असेल, तर बाप कंधारचा, आजा कंधारचा, जन्म नांदेडच्या दवाखान्यातला, तरीही मुलाच्या नागरिकत्वावर प्रश्न उभा राहतो. आईचा विसरलेला एक कागद लेकराच्या अंगावर येतो.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत. मूल परदेशात झाले आणि बाप भारतीय असला, तरी एक वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात त्याची नोंद करावी लागते. पाकिस्तानात असेल तर इस्लामाबादच्या भारतीय उच्चायोगात. त्या वेळी मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून द्यावे लागते. वर्ष उलटले, तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नोंद होत नाही.

अर्जासाठी पेटीत काय काय हवे?

१. सुनेचा चालू परदेशी पासपोर्ट, त्याच्या सगळ्या पानांच्या प्रती आणि आधीचे संपलेले पासपोर्ट. सात वर्षांचा हिशेब त्यांवरच्या शिक्क्यांवरूनच लागतो.

२. दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा राहण्याचा परवाना आणि त्याची प्रत्येक मुदतवाढ. जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे काम पोलिस अधीक्षक कार्यालयात चालते. तिथली प्रत्येक पोचपावती सांभाळा.

३. नवऱ्याच्या भारतीय नागरिकत्वाचा पुरावा: भारतीय पासपोर्ट किंवा जन्माचा दाखला.

४. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र. नुसता निकाहनामा पुरत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक धर्माच्या लग्नाची नोंद विवाह निबंधकाकडे करायची असते, गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात नगर परिषदेत. तीन साक्षीदार आणि निकाह लावणाऱ्या काझीसाहेबांची सही लागते. निकाह पाकिस्तानात झाला असेल, तर तिथल्या युनियन कौन्सिलमधल्या निकाह रजिस्ट्रारकडची नोंद मागवून घ्या.

५. उर्दू किंवा अरबी कागदांचे प्रमाणित भाषांतर.

६. राहण्याचा पुरावा, फोटो, शुल्काचे चलन आणि भारताच्या राज्यघटनेशी निष्ठेची शपथ.

अर्ज नागरिकत्व नियम, २००९ मधल्या नमुना ३ मध्ये, गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरायचा. त्याची छापील प्रत कागदांसह जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची. कंधारकरांना नांदेडला, उदगीर-अहमदपूरकरांना लातूरला. पुढे पोलिस चौकशी, मग राज्य शासन, मग केंद्रीय गृह मंत्रालय. वेळ लागतो. अर्ज पडून आहे म्हणून व्हिसा थांबत नाही. निकाल येईपर्यंत मुदतवाढ चालूच ठेवायची.

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते नावावरून. निकाहनाम्यात 'बी' लावले, पासपोर्टवर 'बेगम' आले, इंग्रजी स्पेलिंग तिसरेच. नवऱ्याच्या जन्माची नोंद नसेल, तर शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा काढा आणि नगर परिषदेत विलंबित जन्मनोंदीची प्रक्रिया करून घ्या. नावातली चूक आधी दुरुस्त करा, मग अर्ज भरा. उलटे केले की प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न येतो.

एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. 'ओळख आहे, मतदान कार्ड काढून देतो' असे सांगणारे भेटतात आणि सासरची माणसे भोळेपणाने हो म्हणतात. जी अजून भारतीय नागरिक नाही, तिचे नाव मतदार यादीत घालणे कायद्याला धरून नाही आणि खोटे निवेदन देणे हा गुन्हा आहे. मदत वाटणारे ते कार्ड पुढे तिच्याच अर्जाविरुद्ध पुरावा ठरते. आधार कार्डाचेही समजून घ्या: ते वास्तव्यावर मिळते, नागरिकत्वाचा पुरावा नव्हे.

अर्ज मान्य झाल्याचे पत्र आले म्हणजे काम संपले, असेही नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही. जुन्या देशाचे नागरिकत्व सोडल्याचा दाखला द्यावा लागतो. पासपोर्ट परत करणे आणि नागरिकत्व सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केरळमध्ये दोन बहिणींनी पाकिस्तानी उच्चायोगात पासपोर्ट जमा केले, पण वय २१ पूर्ण नसल्याने नागरिकत्व सोडल्याचा दाखला मिळाला नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण ऑगस्ट २०२५ मध्ये खंडपीठाने तो फिरवला. ज्यांच्या घरी तिकडे जन्मलेली मुले आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि आपल्या ज्या लेकी तिकडे दिल्या, त्यांचे काय? पाकिस्तानी माणसाशी लग्न झालेली भारतीय स्त्री विधवा किंवा तलाकशुदा होऊन परतली आणि तिकडे तिला सांभाळणारा पुरुष नसेल, तर तिलाही दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. ती माहेरी आली की आधी तिला घास द्या, आणि दुसऱ्या दिवशी तिचे कागद पाहा.

साध्या उधारीचा व्यवहारही साक्षीदार ठेवून लिहून काढा, अशी ताकीद सूरह बकरामध्ये आहे. मग परक्या देशातून आणलेल्या मुलीच्या आयुष्याचा व्यवहार आपण तोंडी कसा ठेवायचा? तिला आणताना आपण तिच्या बापाला शब्द दिला होता. त्या शब्दात तिचे कागदही आले.

निघताना आम्ही फुप्पीअम्मांना विचारले, किल्ली नेहमी तुमच्याकडेच असते का? त्या हसल्या. "एक माझ्याकडे, एक सुनेकडे. कागद तिचे आहेत."

ज्या घरात अशी सून आहे, तिथे आज रात्री जेवणानंतर पेटी उघडा. व्हिसाची शेवटची तारीख मोठ्या अक्षरात लिहून ती भिंतीवर लावा. आणि पेटीची दुसरी किल्ली सुनेच्या हातात द्या.